बातमीचा तास कधी आहे?

चालू घडामोडी पाठ करून स्पर्धा परीक्षेत चार मार्क वाढतील. पण त्याच घडामोडींवर वर्गात बोलायचं कसं, वाद घालायचा कसा आणि वाद घालूनही संध्याकाळी एकत्र चहा प्यायचा कसा, हे कुठल्या विषयात शिकवतात?

एक सोपा प्रश्न. काल दिवसभरात तुम्ही किती बातम्या पाहिल्या?

मोजता येणार नाहीत. रील्स सरकवताना मध्येच एक आली, मित्राच्या स्टेटसला एक होती, फॅमिली ग्रुपवर काकांनी सकाळी सकाळी तीन फॉरवर्ड केल्या आणि टपरीवरच्या टीव्हीत कुणीतरी ओरडत होतंच.

आता दुसरा प्रश्न. त्यातल्या एका तरी बातमीवर तुम्ही सलग दहा मिनिटं कुणाशी बोललात का? म्हणजे तुमच्या मताचा नसलेल्या माणसाशी? अंगठा दाखवणारा इमोजी टाकला, ‘एकदम करेक्ट भावा’ लिहिलं किंवा वैतागून ग्रुप म्यूट केला, हे बोलण्यात धरायचं नाही.

बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ असणार. त्यात तुमची एकट्याची चूक नाही. कॉलेजच्या टाइमटेबलमध्ये अकाउंट्सचा तास असतो, पर्यावरणाचा असतो, बातमीचा नसतो. ‘चालू घडामोडी’ हा शब्द आपल्याला भेटतो तो थेट एमपीएससीच्या पुस्तकात. कुणाला कोणता पुरस्कार, कोणत्या देशाशी कोणता करार, अमुक समितीचे अध्यक्ष कोण. वनलायनर पाठ करायचे आणि उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे करायचे. परीक्षाच तशी आहे, त्यामुळे अभ्यास करणाऱ्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण समितीचा अध्यक्ष कोण हे झोपेत सांगणाऱ्या दोस्ताला एकदा विचारून बघा, की बाबा रे, ती समिती नेमायची वेळ मुळात का आली?

दुसरी जागा म्हणजे वादविवाद स्पर्धा. तिथे बाजू आधीच ठरलेली. अनुकूल किंवा प्रतिकूल. चार मिनिटं बोलायचं, घंटा वाजली की आवरतं घ्यायचं, समोरच्याचं ऐकायचं ते खोडून काढण्यापुरतं. स्टेजची भीती जाते, भाषा सुधारते, हे खरंच आहे. पण ‘समोरच्याचं ऐकून माझं मत थोडं बदललं’ असं माइकवर सांगणाऱ्या स्पर्धकाला कुणी करंडक दिल्याचं मला तरी आठवत नाही.

या दोन्हींच्या मधली एक जागा आपल्याकडे रिकामीच आहे. एक खोली, तीस-चाळीस जण, एक बातमी, एक तास. सर किंवा मॅडम घेणार असतील तर उत्तमच. नसतील तर तुम्ही घ्या. राज्यशास्त्राचा विभाग, वाङ्मय मंडळ, एनएसएसचं युनिट, होस्टेलची मेस, कुठेही जमतं.

एवढं काय त्यात?

‘बातमीच तर आहे, तिच्यासाठी तास कशाला’ असं वाटत असेल, तर राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८. तुम्ही तेव्हा शाळेत असाल. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं हे गाव. त्या दिवशी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती. मूळची सोलापूरकडची, मंगळवेढा भागातली, भिक्षेसाठी गावोगाव फिरणारी. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्या भागात मोबाइलवरून फिरत होत्या. जमावाने त्या पाचही जणांना मारून टाकलं.

त्या काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरून दोघं येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या पोराला उचलतात आणि पसार होतात. तो व्हिडिओ भारतातला नव्हताच. कराचीत लहान मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेल्या जनजागृती फिल्मचा तो तुकडा होता. मूळ फिल्ममध्ये ते मूल परत आणून सोडतात आणि शेवटी एक संदेश येतो. कुणीतरी तो शेवट कापला आणि उरलेला तुकडा खरा म्हणून पसरला. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सअॅपने फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तसं लिहून यायची सोय केली आणि भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. आज तुम्हाला मेसेजच्या डोक्यावर जो ‘फॉरवर्डेड’ शब्द दिसतो, त्याच्या मागे अशा जिवांची किंमत आहे.

‘हे कशावरून?’ असं विचारायची सवय गर्दी जमल्यावर लागत नाही. तिथे विचारणाऱ्याचाच जीव धोक्यात असतो. ती आधीच लावून घ्यावी लागते, जिथे पंखा चालू आहे, सगळे बाकावर बसलेत आणि कुणाच्या हातात दगड नाही अशा खोलीत.

कांद्यापासून सुरुवात करा

पहिल्याच तासाला आरक्षण, धर्म किंवा निवडणूक घेऊ नका. येतील ते विषय, पण दहाव्या तासाला. आधी एकमेकांचं ऐकायची सवय होऊ द्या. मी म्हणेन, कांदा घ्या.

कांदाच का? कारण तो सगळ्यांच्या घरात आहे. नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सोलापूर, धुळे, यातल्या कुठल्याही कॉलेजच्या वर्गात चार-दोन जणांच्या घरी तो पिकतो आणि बाकीच्यांच्या घरी तो विकत येतो. एकाच बातमीने एका घरात पोटात गोळा येतो, दुसऱ्या घरात भाजीवाल्याशी घासाघीस थांबते. आणि ही दोन्ही पोरं एकाच बाकावर बसतात.

फळ्यावर नुसत्या तारखा लिहा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य ठरवलं, म्हणजे त्याहून स्वस्तात माल बाहेर पाठवायचा नाही. ७ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदीच आली, ३१ मार्च २०२४ पर्यंत. ती मुदत संपायच्या आत बंदी पुढे वाढवली गेली. ४ मे २०२४ ला, लोकसभा निवडणूक ऐन रंगात असताना, ती उठली. पण सोबत ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलंच. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही शून्य.

बघा, एक बातमी म्हणता म्हणता दीड वर्षाहून जास्त काळ पसरलेली गोष्ट निघाली. आपण मात्र ती तुकड्या-तुकड्याने पाहिली आणि प्रत्येक तुकड्यावर एकेक मत ठोकून मोकळे झालो.

आता चिठ्ठ्या करा. पाच. पहिली निफाड तालुक्यातल्या लाल कांद्याच्या शेतकऱ्याची. दुसरी लासलगावच्या व्यापाऱ्याची. आशियातला सर्वांत मोठा कांदा बाजार म्हणून ज्याची ओळख सांगतात, तिथला. तिसरी मुंबईच्या बंदरातून माल पाठवणाऱ्या निर्यातदाराची, ज्याने दुबईच्या ग्राहकाला शब्द दिलाय. चौथी डोंबिवलीत मिसळीची गाडी लावणाऱ्या ताईंची. पाचवी दिल्लीतल्या अधिकाऱ्याची, ज्याच्या टेबलावर शहरांतले किरकोळ भाव येतात आणि वरून फोन येतो की हे खाली आणा.

वर्गात चाळीस जण असतील तर आठ-आठ जणांचे पाच गट पडतात, एका चिठ्ठीचा एक गट. पंधरा मिनिटं प्रत्येक गटाने फक्त आपल्या माणसाचा अभ्यास करायचा. त्याला कशाची भीती आहे, त्याचे पैसे कुठे अडकलेत, त्याला थांबणं परवडतं का. मग गट मोडायचे आणि नवे करायचे. आता प्रत्येक गटात पाच जण, पाचही चिठ्ठ्यांचा एकेक. चाळीस जणांचे आठ गट. यांना एकच प्रश्न द्यायचा: ७ डिसेंबर २०२३ ला निर्णय तुमच्या हातात असता, तर तुम्ही निर्यातबंदी केली असती का? आणि केली नसती, तर वाढलेल्या भावाचं काय केलं असतं?

या पद्धतीला ‘जिगसॉ’ म्हणतात. एलियट अॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातल्या शाळांसाठी ती बसवली. तिथे गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतंच एका वर्गात आणलं होतं आणि वर्गावर्गात धुसफूस चालली होती. प्रत्येकाच्या हातात कोड्याचा एकच तुकडा दिला, तर शेजारच्याचं ऐकल्याशिवाय कुणाचंच चित्र पूर्ण होत नाही, इतकी साधी कल्पना. आपल्याकडच्या वर्गात गावाकडचे आणि शहरातले, मराठी माध्यम आणि इंग्लिश माध्यम, पुढचे बाक आणि मागचे बाक असे गट असतातच की. तिथे ही युक्ती बरोबर लागू पडते.

आता एक गोष्ट कटाक्षाने पाळा. ज्याच्या घरी खरंच कांदा आहे, त्याला शेतकऱ्याची चिठ्ठी देऊ नका. त्याला दिल्लीचा अधिकारी करा. निर्यातदाराच्या घरचा कुणी असेल तर त्याला मिसळीची गाडी द्या. ‘तू शेतकऱ्याचा मुलगा ना, मग तू सांग शेतकऱ्यांना काय वाटतं’ असं म्हटलं की तो मुलगा त्या क्षणी विद्यार्थी राहत नाही, नमुना होतो. वर्षभर बाकीचे त्याच्याकडे तसंच बघतात. त्याला स्वतःहून बोलावंसं वाटलं, तर शेवटी तो बोलेल. आणि तो बोलला, की वर्गात कुणालाच माहीत नसलेलं काहीतरी बाहेर येतं.

उदाहरणार्थ, लाल कांदा टिकत नाही. उन्हाळी कांदा चाळीत काही महिने ठेवता येतो, भाव पडला तर थोडं थांबता येतं. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल. तो काढला की विकायचाच. म्हणजे ७ डिसेंबरची बंदी ज्याच्यावर आली, त्याच्याकडे ‘थांबू या जरा’ हा पर्यायच नव्हता. हे एकदा कळलं की ‘शेतकरी’ हा एकच शब्द पुरत नाही. चाळ असलेला वेगळा, नसलेला वेगळा. वर्गातली चर्चा इथे आली की समजा, गाडी लागली रुळावर. कारण आता पोरं ‘शेतकऱ्यांवर अन्याय’ किंवा ‘महागाईने कंबरडं मोडलं’ या तयार वाक्यांच्या पलीकडे गेलेली असतात.

सहावी चिठ्ठी कोरी ठेवा. तासाच्या शेवटच्या टप्प्यात ती उचलून दाखवा आणि विचारा, ‘कोण राहिलं?’ थोडी शांतता होईल. मग कुणीतरी म्हणेल, कांदा काढायला येणाऱ्या मजूर बाया. दुसरं कुणी म्हणेल, हमाल. बांगलादेशातलं गिऱ्हाईक, जे आपल्याच कांद्यावर अवलंबून आहे, तेही कुणाला आठवेल. टीव्हीवरच्या चर्चेत हे लोक सहसा नसतात. तुमच्या वर्गात येऊ द्या.

आणि हो, शेवटी मतदान घेऊ नका. हात वर करून ‘बंदी हवी का नको’ मोजलं की जिंकणारे आणि हरणारे तयार होतात. तासभर केलेल्या कामावर पाणी पडतं. त्याऐवजी पाच मिनिटं द्या आणि प्रत्येकाला अर्ध्या पानावर लिहू द्या: तास सुरू होताना मला काय वाटत होतं, आता काय वाटतं, आणि कुणाच्या कोणत्या बोलण्यामुळे. नाव लिहायची सक्ती नको. ‘काहीच बदललं नाही’ हेही उत्तर चालेल, फक्त का नाही ते लिहायचं.

‘घसरले’ की ‘पाडले’?

कांद्याचाच दुसरा तास वाचनालयात घ्या. कॉलेजच्या वाचनालयात जुन्या पेपरच्या फायली असतात, त्यांच्यावरची धूळ झटकायला निमित्तच हवं. डिसेंबर २०२३ च्या दुसऱ्या आठवड्याचे तीन-चार पेपर काढा. शक्य असेल तर एकाच पेपरच्या शहरी आणि ग्रामीण आवृत्त्या मिळवा. आणि फक्त मथळ्यांची क्रियापदं लिहून काढा.

आपल्या मराठीत ही मोठी मजा आहे. भाव ‘घसरले’ म्हटलं की कुणीच काही केलं नाही, आपोआप पाय निसटला. भाव ‘पाडले’ म्हटलं की पाडणारा कुणीतरी आहे. ‘कोसळले’ म्हटलं की आपत्ती आली. ‘आवाक्यात आले’ म्हटलं की सुटलो बुवा! आकडा चारही ठिकाणी तोच असू शकतो. ‘दिलासा’ हा शब्द दिसला की थांबून विचारायचं, दिलासा कुणाला? एका तासात तीस मथळे असे सोलले, की त्यानंतर तुम्ही कुठलाही मथळा पूर्वीसारखा वाचू शकत नाही. तुमच्या लाडक्या पेपरचासुद्धा. आमचासुद्धा.

मोबाइलवरच्या बातमीसाठी वेगळा खेळ आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी काही वर्षांपूर्वी एक अभ्यास केला. पीएचडी झालेले दहा इतिहासकार, स्टॅनफर्डचे पंचवीस विद्यार्थी आणि दहा व्यावसायिक फॅक्टचेकर. त्यांना वेबसाइट्स दाखवल्या आणि विचारलं, यावर विश्वास ठेवाल का? त्यात लहान मुलांच्या डॉक्टरांच्या दोन संघटनांच्या साइट्स होत्या. नावं मिळतीजुळती, दोन्ही दिसायला चकाचक. प्रत्यक्षात एक मोठी, जुनी, मान्यवर संघटना आणि दुसरी तिच्यातून फुटलेला, ठरावीक मतं रेटणारा छोटा गट. विद्वान इतिहासकार आणि हुशार विद्यार्थी साइट वरपासून खालपर्यंत नीट वाचत बसले, लोगो बघितला, मांडणी बघितली, आणि त्यातले बरेच जण फसले. फॅक्टचेकर काय करत होते? ते साइटवर थांबतच नव्हते. लगेच नवीन टॅब उघडायचे आणि या संघटनेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते शोधायचे.

म्हणजे आपल्याला शाळेपासून सांगितलेलं ‘नीट लक्ष देऊन वाच’ इथे उलटं पडतं. संशयास्पद मजकूर आधी नीट वाचायचाच नाही. आधी बाहेर पडायचं, कोण लिहितंय ते बघायचं, मग वाचायचं की नाही ते ठरवायचं. वर्गात हा खेळ पाच मिनिटांत होतो. फॅमिली ग्रुपवरचा एक दणदणीत फॉरवर्ड घ्या. अर्ध्या वर्गाने तो फक्त वाचून खरा-खोटा ठरवायचा. उरलेल्यांनी तो न वाचता त्याचा उगम शोधायचा, फोटो असेल तर गूगल लेन्सला देऊन तो आधी कुठे छापलाय ते बघायचं. मग दोन्ही गटांची उत्तरं समोरासमोर ठेवायची. एकच विनंती, ज्या काकांचा फॉरवर्ड आहे त्यांचं नाव झाकून ठेवा. घरी जेवायचंय आपल्याला.

‘वर्गात राजकारण नको’

हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागणारच. कॉलेजमध्ये असा तास मागायला गेलात की पहिलं उत्तर हेच. सांगणाऱ्यांच्या मनात भीती असते आणि ती खोटी नसते. कुणीतरी व्हिडिओ काढेल, अर्धं वाक्य कापून व्हायरल करेल, उद्या गेटवर घोषणा सुरू होतील. म्हणून पहिला नियम: या तासात मोबाइल शोधायला वापरायचा, रेकॉर्डिंगला नाही. खोलीत बोललेलं खोलीत राहील असा शब्द सगळ्यांनी एकमेकांना द्यायचा.

पण भीतीपोटी विषयच बंद करायचा, हा काही उपाय नाही. वयाच्या १८ व्या वर्षी तुम्ही मतदान करता. १९८९ पर्यंत हे वय २१ होतं, ६१ व्या घटनादुरुस्तीने ते खाली आणलं. म्हणजे कॉलेजात शिकत असलेल्या मुलांना देश कुणी चालवायचा हे ठरवता येतं, असं राज्यघटना मानते. मग त्यांना वर्गात कांद्याच्या निर्यातीवर बोलता येणार नाही?

जर्मनीत हा प्रश्न फार आधी आणि फार गंभीरपणे आला. नाझी काळात शाळांमधून मुलांच्या डोक्यात काय भरलं गेलं, ते त्यांनी भोगलं होतं. १९७६ मध्ये श्टुटगार्टजवळच्या बॉइटल्सबाख नावाच्या छोट्या गावात नागरिकशास्त्र शिकवणारे डाव्या-उजव्या विचारांचे तज्ज्ञ जमले आणि किमान तीन गोष्टींवर त्यांचं जुळलं. शिक्षकाने आपलं मत मुलांवर लादायचं नाही. समाजात ज्या विषयावर मतभेद आहेत, तो वर्गातही मतभेदाचा विषय म्हणूनच मांडायचा. आणि मुलांना स्वतःचं हित कशात आहे, हे ओळखून त्यासाठी काही करता आलं पाहिजे. आजही तिथली राजकीय शिक्षणाची चर्चा या तीन गोष्टींना धरूनच चालते.

यातली दुसरी गोष्ट मला सगळ्यांत उपयोगी वाटते, आणि ती दोन्हीकडून कापते. जिथे खरेच मतभेद आहेत, तिथे एकच बाजू सांगू नका. पण जिथे तथ्य पक्कं आहे, तिथे उगाच दोन बाजू उभ्या करू नका. निर्यातबंदी योग्य होती का, यावर दोन मतं असू शकतात. ती कोणत्या तारखेला आली, यावर असू शकत नाहीत. ‘लसीकरण कशासाठी’ या तासाला ‘चला, दोन्ही बाजू ऐकू’ म्हणून एखाद्या अफवेला खुर्ची द्यायची गरज नाही. तास घेणाऱ्याने हा फरक आधी घरी बसून ठरवायचा, ऐनवेळी जमत नाही.

चर्चा तापली तर? तापू द्या थोडी. माणूस सोडून मुद्द्यावर बोलत असतील तर काही बिघडत नाही. ‘तुम्ही लोक’ हे दोन शब्द ऐकू आले की मात्र लगेच थांबवा. दोन्ही बाजूंना एक काम द्या: समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी सांग, तो ‘हो, हेच म्हणतोय मी’ म्हणाला की मगच तुझं उत्तर दे. करून बघा. भल्याभल्यांची पंचाईत होते, कारण आपण ऐकत नव्हतो, उत्तर जुळवत होतो, हे तिथल्या तिथे उघडं पडतं.

त्याहून अवघड प्रश्न आहे तो न बोलणाऱ्यांचा. प्रत्येक वर्गात तेच पाच जण बोलतात. त्यात चार मुलगे असतात, आणि त्यांची भाषा पेपरातल्यासारखी असते. बाकीच्यांना मत नसतं असं नाही, आपलं मराठी हसण्यावारी जाईल ही धास्ती असते. अहिराणीत, वऱ्हाडीत, मालवणीत बोलू द्या ना. कांद्याचं दुःख प्रमाण मराठीतच सांगितलं पाहिजे असा काही जीआर निघालेला नाही. आणि थेट ‘बोल’ म्हणू नका. आधी दोन मिनिटं प्रत्येकाने कागदावर लिहायचं, मग शेजारच्याला सांगायचं, मग वर्गात. शेजारच्याला एकदा सांगून झालेलं वाक्य वर्गात सांगायला निम्मी भीती वाटते. शिवाय वर्गात सांगताना स्वतःचं नाही, शेजारणीचं मत सांगायचं असा नियम केला, तर मागच्या बाकावरच्या मुलीचं मतही पुढे येतं.

शाळेत जा

कॉलेजात दोन-चार तास जमले, की एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात हाच तास गावातल्या शाळेत, आठवी-नववीच्या मुलांबरोबर घ्या. रस्तेसफाई आणि पथनाट्याच्या जोडीला एक दुपार याला द्या. लहान मुलांबरोबर हे होत नाही असं समजू नका. केरळमध्ये कण्णूर जिल्ह्यात २०१८ च्या सुमारास तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी सुमारे दीडशे सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे तास सुरू केले होते. कारण झालं होतं गोवर-रुबेलाच्या लसीबद्दलच्या अफवांचं. आईबाप व्हॉट्सअॅपवरचा मेसेज वाचून मुलांना लस देऊ देत नव्हते. मग त्यांनी मुलांनाच शिकवायचं ठरवलं.

शाळेत गेलात की कांदा नको, गावातली बातमी घ्या. बंद पडलेली एसटीची फेरी, नळाला चार दिवसांनी येणारं पाणी, शाळेजवळचं टपरीवरचं गुटखा विकणं. मुलांनाच गावात पाठवा, तिघांना भेटून प्रश्न विचारायला लावा, आणि परत आल्यावर भिंतीवर एक पानी पेपर लावा. आठवीतली मुलगी ग्रामसेवक भाऊसाहेबांना ‘हे कशावरून?’ विचारते, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. पण सरपंचांना आणि मुख्याध्यापकांना आधी भेटून सांगून ठेवा, नाहीतर तुमचं शिबिर तिसऱ्याच दिवशी आटोपेल.

आणि ‘आपण पोरंटोरं, आपल्या बोलण्याने काय होणार’ असं कुणी म्हणालं तर त्याला मुंबईच्या एल्फिन्स्टनमधल्या मुलांची गोष्ट सांगा. १८४८ मध्ये त्यांनी एक सभा काढली, ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’. तरुण दादाभाई नौरोजी तिच्यात होते. निबंध वाचायचे, त्यावर चर्चा करायची, एवढंच सुरुवातीला. चर्चेत स्त्रीशिक्षणाचा विषय निघाला. त्या काळात हा विषय म्हणजे आजच्या कुठल्याही ट्रेंडिंग वादापेक्षा जास्त जाळ. वाद घालून ही मुलं थांबली नाहीत. १८४९ मध्ये त्यांनी मराठी आणि पारशी मुलींसाठी शाळा काढल्या आणि सुरुवातीला त्यातलेच काही जण आपला वेळ देऊन तिथे शिकवायला जाऊ लागले.

तर, पुढच्या आठवड्यातला एक मोकळा तास शोधा. ऑफ लेक्चर असतंच एखादं. पंखा आणि फळा असलेली खोली मागून घ्या, कांद्याच्या तारखा वहीत उतरवून न्या, चिठ्ठ्या आदल्या रात्रीच करा. तास झाला की सगळ्यांनी लिहिलेले कागद एका पाकिटात घालून वर तारीख टाका आणि तीन महिन्यांनी उघडा. तोपर्यंत बातमीचं पुढे काय झालं ते कळलेलं असेल, आणि कुणाचा अंदाज किती चुकला तेही.

पहिल्या वेळी चाळीस जण येणार नाहीत. दहा आले तरी पुरे. पाच चिठ्ठ्या, दोन-दोनाच्या जोड्या.